परड्यातली दगडी पागा हेरिटेज यादीत निघाली, आता ती आमची राहिली का?

तुमचीच राहिली, आधी घाबरायचं सोडा. तुम्ही लिहिलंय की वाड्यामागची घोड्यांची पागा महापालिकेच्या हेरिटेज यादीत असल्याचं परवा कळलं आणि भाऊ म्हणतोय आता खिळा ठोकायला पण दिल्लीला अर्ज करायला लागणार. तसलं काही नाही ओ, भावानं दोन गोष्टींची खिचडी केलीय.

दिल्लीवाला कायदा म्हणजे केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, त्यात पन्हाळगड, खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर असली स्मारकं येतात. तिथं हद्दीपासून १०० मीटरात नवीन बांधकाम बंद आणि त्याच्यापुढं २०० मीटर परवानगी काढून, हे १९९२ च्या अधिसूचनेपासून, २०१० ला ते कायद्यातच घातलं. पालिकेची यादी वेगळी, ती नगररचनेच्या नियमातली. सातबारा म्हणा, प्रॉपर्टी कार्ड म्हणा, तुमच्याच नावावर राहतंय, विकता येतंय, वापरता येतंय. फक्त पाडायचं, वाढवायचं, अगदी डागडुजी करायची म्हटलं तरी आधी पालिकेत अर्ज, तो हेरिटेज समितीपुढं जातो. यादीत इमारतींना एक ते तीन अशी ग्रेड असते, तुमची कुठली ते बघा. एक असली तर जवळजवळ हातच लावायचा नाही, तीन असली तर आतनं बरंच काही करू देतात.

खरी भीती कायद्याची नाही, सिमेंटची आहे. आमच्या परड्यात पण एक काळ्या दगडाची धान्याची खोली आहे, चुन्यात बांधलेली. २०१८ ला एका कॉन्ट्रॅक्टरनं "पक्कं करून देतो" म्हणून पुढच्या भिंतीच्या सगळ्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरल्या, दिसायला एकदम झकास. पुढच्या वर्षी महापूर आला, गुडघाभर पाणी बरेच दिवस खोलीत. मागची चुन्याची भिंत दिवाळीपर्यंत वाळली, पुढची उन्हाळ्यापर्यंत ओलीच, पांढरा लोणा, म्हणजे खाराचा थर, लागलेला, आणि सिमेंटचा एक पोपडा उचकटला तर आतला चुना भिजल्या पिठागत बोटाला लागला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून धरतं, एवढीच गोष्ट पण पैसे घालवून शिकलो. मग ते सिमेंट छिन्नीनं काढताना दगडांच्या कडा उडाल्या ते वेगळंच. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्यानं मुरवलेला चुना, वाळू आणि विटेची सुरखी, म्हणजे भुकटी, घालून सांधे भरले आणि पंधरा दिवस भिंतीवर ओली पोती टांगून ठेवायला लावली, चुना घाईनं वाळला की तडकतो म्हणून.

तेव्हा आधी चारी बाजूंनी फोटो काढा, मापं घ्या, आणि अर्जात "चुन्यातच काम करणार" असं लिहा. आणि फोटोत वरच्या कोपऱ्यात पिंपळ दिसतोय तो हातानं ओढू नका भावा, मुळासकट दगड खाली येतोय, करवतीनं बुडाशी कापा.