खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली चाके

प्रश्न : मी गोव्यात, मांडवी नदीतल्या चोडण बेटावर राहतो आणि नोकरीसाठी रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरतो. माझ्या मोटरसायकलची पॉलिश केलेली ॲल्युमिनियमची चाके दोन वर्षांपूर्वी आरशासारखी होती. आता त्यांच्या कडेवर आणि व्हॉल्व्हच्या आसपास पांढरट खवले आणि बारीक काळे ठिपके आले आहेत. मेटल पॉलिशचे दोन डबे संपले. चकाकी येते, पण ठिपके जागचे हलत नाहीत. घरी करण्याजोगा काही उपाय आहे का, की चाकेच बदलावीत? (एक वाचक, चोडण)

उत्तर : आपण ज्याला ठिपका म्हणता तो खड्डा आहे, आणि खड्डा पुसून जात नाही. एखादा पांढरा खवला लाकडी दातकोरणीने हलकेच टोकरून पाहा. पीठ झडून जाईल आणि खाली तिळाच्या टोकाएवढे काळे छिद्र उरेल. मेटल पॉलिश धातूचा अगदी नाममात्र थर काढते आणि खड्डा त्याच्या कितीतरी पट खोल असतो. त्यामुळे घासून घासून त्याच्या भोवतालची जागा तेवढी उजळते आणि खड्डा पूर्वीपेक्षाही उठून दिसतो. तो घालवायचा म्हणजे भोवतालचा धातू त्याच्या तळापर्यंत उतरवायचा. दुसरा मार्ग नाही. म्हणूनच पॉलिश पेपर हातात घेण्यापूर्वी खड्डे किती खोल आहेत, ते ठरवणे महत्त्वाचे.

ॲल्युमिनियमवर हवेशी संयोग होऊन ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याचे संरक्षण करतो. मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी फोडते. एकदा खड्डा पडला की त्याच्या आतले पाणी आम्लधर्मी होत जाते आणि खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत राहतो. ॲल्युमिनियमच्या टोपात मिठाचे आंबट कालवण रात्रभर ठेवू नये, असे घरातील मोठी माणसे सांगत असत, ते याच कारणाने. शिवाय हवेतील आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की कोरडे मीठ हवेतले पाणी शोषून आपोआप विरघळते. गोव्यात वर्षातील कितीतरी रात्री अशा असतात, म्हणजे आपल्या चाकावरचे मीठ पाऊस नसतानाही ओलेच असते. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पावसाळ्यात मांडवीचे पाणी वरून येणाऱ्या लोंढ्यामुळे जवळजवळ गोडे होते, पण मार्च ते मे या काळात भरतीचे खारे पाणी बरेच आत शिरते. धक्क्याच्या ओल्या उतारावरून गाडी चढवता-उतरवताना चाकांवर उडणारे उन्हाळ्यातले पाणी म्हणूनच जुलैतल्या पाण्यापेक्षा अधिक घातक. गाडीवर अंगठीसारखा जीव टाकणारी माणसे नेमक्या याच महिन्यांत ‘पाऊस नाही, धुवायची काय गरज’ म्हणून निश्चिंत असतात.

प्रथम चाकावर लॅकर आहे का, ते पाहा. पांढऱ्या फडक्यावर थोडे मेटल पॉलिश घेऊन घासा. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. पांढरेच राहिले तर वर पारदर्शक थर आहे. गोगलगाय चालून गेल्यासारख्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसत असतील, तर गंज या थराखाली पसरतो आहे, असे समजावे. अशा वेळी लॅकर पेंट रिमूव्हरने पूर्ण काढल्याशिवाय पुढचे सारे श्रम वाया जातात. हे काम हातमोजे घालून, उघड्या हवेत करावे.

आता खोली. स्वच्छ केलेल्या ठिपक्यावरून नख फिरवा. नखाला काहीच लागत नसेल, तर 1000 नंबरच्या वॉटर पेपरपासून (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर; नंबर जितका मोठा तितका तो बारीक) सुरुवात पुरेशी आहे. नखाला खरखर जाणवत असेल, तर 400 पासून, फार तर 320 पासून सुरू करावे. नख खड्ड्यात अडकत असेल, तर तो खड्डा दिसण्यापुरता सौम्य करावा आणि तिथेच थांबावे. चाकाच्या दांड्या जिथे कडेला किंवा मध्यभागाला मिळतात, तिथले खोल खड्डे समतल करण्याच्या हट्टाने धातू उतरवणे मला मुळीच मान्य नाही. तो धातू भार सोसण्यासाठी तिथे ठेवलेला असतो. अशा जागी भेग दिसली, केसाएवढी जरी असली, तरी चाक बदलावे.

काम चाक गाडीवरून उतरवून, शक्य तर टायर काढून करावे आणि चाक बसवणे मेकॅनिककडून योग्य ताण देऊन करून घ्यावे. चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने काढा. त्यांच्या डिंकाखाली मीठ साचते आणि सर्वांत वाईट खड्डे बऱ्याचदा तिथेच सापडतात. बादलीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घेऊन पेपर सतत ओला ठेवावा. ओल्यामुळे ॲल्युमिनियमची भुकटी हवेत उडत नाही. ही कोरडी भुकटी फुप्फुसाला वाईट आणि ठिणगीला पेट घेणारी असते. ठिपकेदार भागावर काळ्या मार्करने शाई फासा आणि मग घासा. सभोवारची शाई लगेच जाते आणि खड्ड्यातली मागे राहते, त्यामुळे किती उरले आहे ते डोळ्यांना दिसते. फक्त त्या ठिपक्यावरच बोट दाबून घासू नये, कारण तिथे खळगा पडतो आणि पॉलिशनंतर तो पाण्यात हललेल्या प्रतिबिंबासारखा उघड होतो. पेपर लाकडी किंवा रबरी ठोकळ्याला गुंडाळून, आसपासचा दोन-तीन इंच भाग बरोबर घेत जावे.

खड्डे निघाले की ज्या नंबराने सुरुवात केली त्याच्या पुढे 600, 800, 1000, 1500 आणि 2000 असा क्रम धरावा आणि प्रत्येक नंबराला घासण्याची दिशा बदलावी. मागच्या नंबराच्या रेघा आडव्या दिशेने पूर्ण पुसल्या गेल्याखेरीज पुढे जाऊ नये. घाईने 400 वरून 1500 वर उडी मारणाऱ्याला शेवटी, उन्हात गाडी उभी केल्यावर, सगळ्या रेघा पुन्हा दिसतात. मग ड्रिलला कापडी बफ (चकाकी आणणारी कापडाची चकती) लावून बफिंगची, म्हणजे पॉलिशच्या मसाल्याची, तपकिरी वडी, आणि दुसऱ्या स्वच्छ बफने पांढरी वडी वापरावी. लोखंडावर वापरलेला बफ ॲल्युमिनियमवर कधीही लावू नये. राहिलेला काळा चिकटा मऊ फडक्यावर चिमूटभर मैदा घेऊन पुसला की चटकन निघतो.

काही गोष्टी टाळाव्यात. संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा नळीतला कचरा काढण्याचा कॉस्टिक सोडा, दोन्ही ॲल्युमिनियमला खातात. तरुणपणी मी पहिल्याचा प्रयोग करून एक चांगले चाक राखेच्या रंगाचे केले होते. लोखंडी तारेचा काथ्या वापरू नये, त्याचे कण धातूत रुतून नवे गंज सुरू करतात. गाडी मधल्या स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून फिरत्या चाकाला फडके धरण्याची पद्धत तर सक्त बंद करावी. फडके साखळीत गेले की पाठोपाठ बोटे जातात. आणि पॉलिश वा मेण ब्रेकच्या डिस्कवर अजिबात लागू देऊ नये.

राहिला टिकवण्याचा प्रश्न. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर लॅकर नीट धरत नाही आणि खडा उडून एक टवका गेला की मीठ त्याखाली शिरते. म्हणून माझे मत मेणाच्या बाजूने आहे : चांगले कारचे मेण, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, आणि फेरीच्या दिवशी संध्याकाळी गोड्या पाण्याचा एक फवारा, चाकाच्या मागच्या बाजूलाही. फडक्याने नुसते कोरडे पुसणे म्हणजे मिठाच्या खड्यांनीच घासणे. एवढे करणे जमणार नसेल, तर चमकेचा मोह सोडून पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीच्या रंगाचा थर, करून घ्यावे. ते भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर पक्के होते, त्यामुळे आधी टायर, बेअरिंग आणि रबरी सील काढलेच पाहिजेत.

प्रश्न : माझ्या गाडीला स्पोकच्या रिम आहेत, त्यांवरही ठिपके आले आहेत. हीच पद्धत चालेल का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : रिमला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर ती क्रोम केलेली पोलादी रिम आहे आणि वरील पद्धत तिला लागू नाही. वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. वॉटर पेपर लावला की तो आणि खालचे निकेल दोन्ही जातात. तांबूस ठिपके म्हणजे थराच्या छिद्रांतून वर आलेला पोलादाचा गंज. ॲल्युमिनियम फॉइलचा पाण्यात बुडवलेला बोळा हलक्या हाताने फिरवल्यास वरवरचा गंज निघतो. नंतर धुऊन, लगेच कोरडे करून मेण लावावे. थर सुटून पापुद्रे आले असतील, तर पुन्हा प्लेटिंग किंवा नवी रिम, एवढेच पर्याय.

प्रश्न : पंक्चर नसतानाही ट्यूबलेस टायरमधली हवा आठवड्याला उतरते. चाक जुने, ॲल्युमिनियमचे आहे. (एक वाचक, पेडणे)

उत्तर : टायर जिथे रिमला घट्ट बसतो तिथे हाच पांढरा खवला वाढून टायरची कड किंचित उचलत असावा. साबणाचे पाणी कडेने सोडा. बारीक बुडबुड्यांची माळ दिसली की जागा सापडली. टायर उतरवून तो भाग नायलॉनच्या घासणीने केवळ गुळगुळीत होईपर्यंत स्वच्छ करावा, पेपरने उतरवू नये. व्हॉल्व्हचे रबरही त्याच वेळी बदलून घ्यावे.