राग नाही, ताल नाही, मग मुलगी शिकते काय?

प्रश्न : आम्ही अंबाजोगाईचे. मुलगी बारावी कला शाखेत आहे. आठवीपासून हार्मोनियम शिकते, मध्यमा पूर्ण झाली आहे. दिवाळीत पुण्याला मावशीकडे गेली असताना तिथे दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला बसली. दहा-बारा जण गोल करून वाजवत होते म्हणे. राग ठरलेला नाही, ताल नाही, बंदिश नाही, समोर बसून सांगणारे गुरुजी नाहीत. परत आल्यापासून एकच धोशा, विशारदला बसणार नाही, हेच शिकणार, आणि त्यासाठी पुण्याला राहणार. तिने रेकॉर्डिंग ऐकवलं. मला तो नुसता गलका वाटला. तसं बोललो तर दोन दिवस नीट जेवली नाही. याला शिक्षण म्हणायचं का? आणि यात पुढे पोटापाण्याचं काय?
– एक वडील

नमस्कार भाऊ,

न पटणारं रेकॉर्डिंगसुद्धा तुम्ही मुलीसोबत बसून ऐकलंत, म्हणून तुमच्याशी मोकळेपणाने बोलता येईल.

याला शिक्षण म्हणायचं का, तर हो, नक्की म्हणायचं. समूहातलं हे मुक्त उत्स्फूर्त वादन साठ वर्षांपासून जगात रीतसर चालू आहे. १९६५ साली लंडनमध्ये ‘एएमएम’ नावाचा गट जमला. ते काहीही न ठरवता वाजवायला बसत. त्याच वर्षी शिकागोत कृष्णवर्णीय संगीतकारांनी आपली संस्था उभी केली, आणि नवं संगीत रचण्याबरोबर मुलांना शिकवण्याचं कामही हाती घेतलं. एएमएमचे तालवादक एडी प्रेव्हो यांनी १९९९ पासून लंडनमध्ये दर आठवड्याला अशी बैठक चालवली. येईल त्याने बसावं, वाजवावं, ऐकावं. म्हणजे तुमच्या मुलीने पुण्यात पाहिलं ते कुणाच्या लहरीतून निघालेलं नाही.

आता आपल्या संगीताशी याचं नातं. उपज, म्हणजे वाजवता-गाता तिथेच नवं सुचणं, आपल्याकडेही आहे. आलाप पाठ करून गात नाहीत, तबल्यातल्या कायद्याचे पलटे, म्हणजे ठरलेल्या बोलांची वेगवेगळी रूपं, बसल्या जागी सुचतात, देवीच्या गोंधळात नायकाने टाकलेला शब्द साथीदार तिथल्या तिथे उचलतो. पण या सगळ्याला खाली जमीन असते. रागाचे स्वर ठरलेले, तालाची सम ठरलेली, गोंधळाची कथा ठरलेली. मुक्त वादनात ती जमीनही वाजवणाऱ्यांनी वाजवता वाजवता तयार करायची असते.

तुमची मुलगी हार्मोनियम वाजवते, ही गोष्ट मला इथे फार महत्त्वाची वाटते. पेटीवाल्याची घडण कशी होते बघा. गायकाच्या मागे एक पाऊल राहायचं, त्याची जागा हेरायची, तो थांबला की भरायचं, तो निघाला की लगेच वाट द्यायची. ही मोठी विद्या आहे. पण चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या मागे चालणाऱ्या मुलीला त्या गोलात बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं असेल, ‘तू सुरू कर.’ तिने जेवण टाकलं ते त्यासाठी, असं मला वाटतं. तिचं मन पुण्यावर जेवढं आहे, त्याहून जास्त त्या एका क्षणावर आहे.

संभाजीनगरला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा असा गट आहे. मी एकदा त्यांच्यात जाऊन बसलो होतो. सहा जण, एका घराच्या वरच्या खोलीत. तबला, संबळ, बासरी, पेटी, एक गिटार, आणि एका मुलीकडे नुसतं स्टीलचं ताट. पहिली दहा मिनिटं तुम्ही म्हणता तो गलकाच होता. प्रत्येकाला आपलं येतं ते दाखवायचं होतं. तबलजी तर रेल्यावर रेले, म्हणजे जलद बोलांच्या लडी, टाकत सुटला होता. मग वीज गेली. पंखा थांबला आणि त्याबरोबर सगळ्यांचे हातही थांबले. त्या शांततेत पेटीवाल्या मुलाने पट्टी अर्धीच दाबली. पूर्ण सूर निघालाच नाही, भात्यातल्या हवेचा हुंकार तेवढा आला. संबळवाल्याने वाजवायची आकडी काठी बाजूला ठेवली आणि ओलं बोट कातड्यावरून ओढलं. ताटावर नख फिरलं. बासरीवाला नुसता ऐकत राहिला. जवळजवळ पाच मिनिटांनी त्याने एकच स्वर लावला, आणि त्या एका स्वराने अंगावर काटा आला. इतका वेळ न वाजवणं, हेच त्याचं त्या दिवशीचं मोठं काम होतं. रोजच्या रियाजात ते कुणाला शिकवता येत नाही, कारण त्याला समोर माणसं लागतात.

पण याच गोलात साथीदाराची एक अडचण होते, ती मुलीला जरूर सांगा. मागे चालायची सवय असलेला वादक बरोबरीच्या माणसांत एक तर गप्प होतो, नाहीतर शेजारी वाजवेल त्याची नक्कल करतो. नक्कल न करता उत्तर देणं ही तिची पुढच्या दोन-तीन वर्षांची शिकवणी आहे.

आणि त्यासाठी पुण्याला खोली घ्यायची गरज नाही. चार ते सहा जण जमले की पुरे. अंबाजोगाईत पेटी-तबल्याचे क्लास आहेत, भजनी मंडळं आहेत, तिच्या वयाची मुलं त्यांतूनच मिळतील. रविवारी सकाळचा दीड तास, तुमच्याच घरी. जॉन स्टीव्हन्स नावाचे लंडनचे ड्रमवादक नवख्या माणसांकडून जे सरावपाठ करून घेत, त्यांतले दोन मी हमखास सुचवतो. एकात प्रत्येकाने आपल्या वाद्यावर जमेल तितका तोकडा आवाज काढायचा, टिचकीएवढा, आणि आपापल्या गतीने काढत राहायचा. लय कुणी ठरवायची नाही. थोड्या वेळाने त्या टिचक्यांमधूनच काहीतरी चाल उभी राहते. दुसऱ्यात एका श्वासाएवढा लांब एकच स्वर धरायचा, श्वास संपला की थांबायचं, पुन्हा धरायचा. प्रत्येकाचा श्वास वेगळा असल्यामुळे सगळ्यांचा मिळून एक हलता तंबोरा तयार होतो. पेटीवर भात्याची एक ओढ म्हणजे एक श्वास धरावा. मग दोघा-दोघांनी वाजवावं, बाकीच्यांनी फक्त ऐकावं. फोनवर रेकॉर्डिंग करावं, पण लगेच ऐकू नये. दोन दिवसांनी ऐकावं. आपण कुठे दुसऱ्याच्या आवाजावर पाय दिला ते तेव्हा स्पष्ट कळतं.

विशारदबद्दल माझं मत ठाम आहे. परीक्षेला बसायचं. विशारदची दोन वर्षं टाकून तिला इथे काहीही जास्तीचं मिळणार नाही. या क्षेत्रातलं मोठं नाव म्हणजे शेफिल्डचे गिटारवादक डेरेक बेली. त्यांचा जन्म १९३० चा. त्यांनी आधी कित्येक वर्षं नाचाच्या हॉलमध्ये आणि स्टुडिओत मिळेल ते वाजवून पोट भरलं. तिशी उलटल्यावर ते मुक्त वादनाकडे वळले. हात तयार होता म्हणून सोडायला काहीतरी होतं. विशारदचं प्रमाणपत्र पुढे क्लास काढताना उपयोगी पडतं, तो भाग वेगळाच.

पोटापाण्याचं खरं सांगतो. निव्वळ मुक्त वादनावर घर चालत नाही, परदेशातही बहुतेकांचं चालत नाही. ते शिकवतात, इतर संगीत वाजवतात. पण या तालमीतून आलेल्या वादकाला काही कामं चांगली जमतात. नाटकाचं पार्श्वसंगीत रंगमंचाशेजारी बसून प्रत्यक्ष वाजवायचं असेल, तर नट वाक्य विसरला तरी सावरून घेणारा माणूस लागतो. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेच्या संघांना, महाविद्यालयांच्या एकांकिकांना असे वादक शोधावे लागतात. नृत्याची साथ आहे, लहान मुलांचे संगीतवर्ग आहेत. मला शेवटचं सगळ्यात जवळचं वाटतं. पेटी न येणारी वीस मुलं एका खोलीत एकमेकांना ऐकायला लावणं, हे काम तुमची मुलगी पंचविशीत फार सुंदर करू शकेल.

बारावीनंतर संगीत विषय घेऊन पदवी करू द्या. पुण्याचा हट्टच असेल तर तो ललित कला केंद्राच्या निमित्ताने धरावा. पुणे विद्यापीठाचा विभाग आहे, प्रवेश चाचणीवर मिळतो, त्याची तयारी आतापासून करता येईल. जवळ हवं असेल तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. संभाजीनगरच्या विद्यापीठातही चौकशी करा. बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत मात्र रविवारचा दीड तास सोडून बाकी अभ्यास. हे तिच्याशी बसून ठरवा, लादू नका.

आणि एक विनंती. पहिल्या रविवारी तुम्ही त्या खोलीतच बसा, दारात उभे राहू नका. हाती काही नसेल तर वाटी-चमचा घ्या, टिचकीचा पाठ वाद्य न येणाऱ्यालाही जमतो. मुलीच्या आवाजाच्या मधे तुमचा एक आवाज कुठे बसतो ते शोधून बघा. चार रविवार झाले की मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात तिचंही एक पान असू द्या.