लेकीने चोरून इन्स्टा उघडलंय, काय करू?

प्रश्न: ताई, माझी मुलगी 12 वर्षांची आहे. तिने गुपचूप इन्स्टावर अकाउंट उघडलंय, मला आत्ता कळलं. विचारलं तर रडायला लागली, म्हणे वर्गात सगळ्यांचं आहे. नवरा म्हणतो सरळ फोन काढून घे. मला तर काही सुचतच नाहीये.

उत्तर: फोन लगेच काढून घेऊ नका. ती मैत्रिणीच्या फोनवरून लॉगिन करेल आणि या वेळी तुम्हाला पत्ताही लागणार नाही. आधी शांतपणे एवढंच विचारा, जन्मसाल कोणतं टाकलंस? 13 च्या आत इन्स्टा अकाउंट उघडू देत नाही, म्हणजे साल खोटं आहे हे नक्की, आणि पोरं अशा वेळी एखादं वर्ष वाढवून थांबतातच असं नाही, बोटाने सालं सरकवत थेट विशी-पंचविशी गाठतात. खरी गोची तिथेच आहे. 2024 पासून इन्स्टावर 18 च्या आतल्यांसाठी टीन अकाउंट असतं, ते आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी लोक मुलांना मेसेज करू शकत नाहीत, रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन गप्प, आणि 16 च्या आत असेल तर हे सैल करायला आईबाबांची परवानगी लागते. पण अ‍ॅपच्या लेखी तुमची लेक मोठी बाई असेल तर यातलं काहीच तिला मिळत नाही, अ‍ॅपला वयाचा संशय आला तरच मिळतं.

(13 चा आकडा काही मुलांची समज मोजून काढलेला नाही बरं का. मुलांची माहिती आईबाबांना न विचारता गोळा करू नये असा अमेरिकेत 1998 साली कायदा झाला, त्यातली वयाची रेघ अ‍ॅपवाल्यांनी उचलली. तेव्हा 13 झाली की लगेच द्यायलाच हवं असंही नाही.)

मग दोघी बसून ते अकाउंट उघडा. फॉलोअर्समध्ये कोण आहे, मेसेजमध्ये काय आलंय, तिलाच दाखवू दे, तुम्ही फोन हिसकावून स्क्रोल करू नका. कोणी फोटो मागितला, धमकी दिली तर आधी मला सांग, मी ओरडणार नाही, हे स्पष्ट बोला आणि पाळा, कारण पोरी गप्प बसतात त्या बऱ्याचदा फोन जाईल या भीतीनेच.

बघून झालं की अकाउंट डिलीट करा, नुसतं डीअ‍ॅक्टिव्हेट नको. डिलीट व्हायला 30 दिवस लागतात, मधेच लॉगिन केलं तर ते रद्द करता येतं, एवढं लक्षात ठेवा.