गल्ला भरला म्हणून बंद पडलेला गेम

प्रश्न : नाणं टाकून खेळायचा पहिला व्हिडिओ गेम 'पाँग' ना?

नाही, 'पाँग' हा पडद्यावरच्या टेबल टेनिसचा गेम १९७२चा. आदल्या वर्षीच बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात 'गॅलक्सी गेम' मांडला होता. आत अख्खा पीडीपी-११ संगणक, खर्च वीस हजार डॉलरच्या घरात आणि एका डावाचे दहा सेंट! खेळायला रांग लागायची, पण वसुली कधी होणार? त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचा 'कॉम्प्युटर स्पेस' आला. त्यांनी संगणकालाच फाटा दिला आणि म्हणून तो कारखान्यात बनवून विकता आला.

प्रश्न : संगणक नाही, तर गेम चालायचा कसा?

नुसत्या सर्किटवर. 'पाँग'मध्येही प्रोग्रॅम नावाची चीजच नव्हती. जुन्या टीव्हीत ओळीओळीने चित्र काढणारा किरण पडद्यावर कुठे पोचलाय हे साध्या चिप मोजत राहायच्या; चेंडूच्या जागी आला की तिथे पांढरा ठिपका उमटवायचा, एवढंच. पण 'पाँग' बनवणाऱ्या ॲलन अल्कॉर्नची करामत पुढे आहे. त्याने बॅटचे आठ भाग केले. मधल्या भागावर चेंडू लागला तर सरळ परततो, कडेला लागला तर तिरका सुटतो. शिवाय डाव लांबला की वेग वाढतो. सर्किटमधल्या एका दोषामुळे बॅट पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत जात नसे. अल्कॉर्नने तो तसाच ठेवला, नाहीतर दोन तरबेज खेळाडूंचा डाव संपलाच नसता. धंद्याच्या दृष्टीने हा दोष म्हणजे वरदानच!

प्रश्न : गुत्त्यातलं यंत्र नाण्यांमुळे बंद पडल्याची गोष्ट खरी का?

खरी. कॅलिफोर्नियात सनीवेल इथल्या 'अँडी कॅप्स' गुत्त्यात चाचणीसाठी ठेवलेलं यंत्र बिघडल्याचा निरोप आला. अल्कॉर्नने उघडून पाहिलं तर गल्ला नाण्यांनी ओसंडत होता.

प्रश्न : 'पाँग'ची कल्पना उसनी होती म्हणतात?

बरीचशी. राल्फ बेअर यांच्या 'ओडिसी' या घरगुती खेळातलं टेनिस बुशनेलने आधी पाहिलं होतं. 'ओडिसी' विकणाऱ्या मॅग्नाव्हॉक्स कंपनीने दावा ठोकला. 'पाँग' काढणाऱ्या बुशनेलच्या अटारी कंपनीने तडजोड करून परवाना घेतला.

प्रश्न : 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू कमी झाले की उरलेले वेगाने का धावतात?

परग्रहवासीयांवर गोळ्या झाडायच्या १९७८च्या या गेममध्ये ५५ शत्रू एकदम हलवताना प्रोसेसरची दमछाक व्हायची. जितके मेले तितकं काम हलकं. गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांना हा परिणाम आवडला, म्हणून त्यांनी तो राहू दिला.