फिफाचा 'कार्बन न्यूट्रल' दावा खरा मानायचा का?

प्रश्न : कतारचा २०२२ चा फुटबॉल वर्ल्डकप कार्बन न्यूट्रल (म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढा दुसरीकडे भरून काढलेला) होता असं फिफा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटना, म्हणायची, मग लोक चिडले का?

उत्तर : कारण हिशोबच पटण्यासारखा नव्हता हो. स्पर्धेमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा अंदाज ३६ लाख टनांचा, पण नवीन पक्की स्टेडियमं बांधली त्यांचं आयुष्य ६० वर्षं धरलं आणि स्पर्धेच्या खात्यात फक्त थोड्या दिवसांचं कार्बन टाकलं, बाकीचं गायब! आता आठ-आठ स्टेडियमं एका शहराच्या आसपास, रोज कोण भरणार ती? २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या जाहिरात आयोगानेही दावा सिद्ध होत नाही म्हणून फटकारलं, मला ते फार योग्य वाटलं. आता फिफावाले २०४० पर्यंत नेट झिरो (उत्सर्जन शक्य तितकं कमी करून उरलेलं भरून काढणं) म्हणतात, आणि २०२६ ला मॅचेस ६४ वरून १०४, त्याही तीन देशांत, म्हणजे विमानंच विमानं. वचन वाचताना आधी विमानप्रवास मोजलाय का ते बघा.