मार्चअखेर, टार्गेट आणि उघड्या राहिलेल्या फायली

तुम्ही कौटुंबिक हिंसाचाराच्या समुपदेशन केंद्रात काम करता आणि तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. केंद्राला एका कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामाला देतात तो) आहे आणि 31 मार्चपर्यंत 300 केसेस ‘निकाली’ दाखवायच्या आहेत. अहवालात बायकांचे फोटो आणि नावं हवीत. एप्रिलपासून पैसे नाहीत.

फोटोचं आधी उरकतो. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम 23 खाली, आणि इतर गुन्ह्यांतही बालन्याय कायद्याच्या कलम 74 खाली, त्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. आईची सही घेतली म्हणून ते चालत नाही. मोठ्या बाईची संमतीसुद्धा जपून घ्या. ज्या ताईंच्या हातात आपली केस आहे त्यांनी कागद पुढे केला, तर ती नाही म्हणेल का? नुसतं नाव बदलूनही भागत नाही. गाव, लग्नाचं वर्ष आणि ‘दोन मुली, नवरा ट्रकवर’ एवढं छापलं की सगळ्या गावाला कळतं कोण ते.

खरी अडचण ‘निकाली’ या रकान्यात आहे. दोनदा येऊन थांबलेल्या बाईचं घरी बरं चाललंय, की नवऱ्याने फोन काढून घेतलाय, हे तुम्हाला ठाऊक नसतं. तिला निकाली लिहिलं की पाठपुराव्याचा फोन बंद होतो. शिवाय टार्गेट वरून आलं की कार्यकर्त्या सासू-सुनेच्या किरकोळ भांडणाच्या केसेस आधी घेतात आणि जिथे तिथे तडजोड घडवतात, कारण तडजोडीने फाइल लवकर मिटते. जिला दवाखाना, कौटुंबिक घटना अहवाल (हिंसेची कायदेशीर नोंद), संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेला अधिकारी), कोर्ट हे सगळं लागणार, ती मागे राहते. मला यातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो. म्हणून एका रकान्याचे पाच करा: नोंदणी, काम सुरू, तडजोड आणि त्यानंतर तीन महिने पाठपुरावा, पुढे पाठवली, संपर्क तुटला. 300 नोंदण्या झाल्या असतील तर तो आकडा अभिमानाने द्या, तो खरा आहे.

मार्चची घाई दरवेळी कायद्याने आलेली नसते. कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ (एका वर्षाहून जास्त चालणारा) म्हणून मंजूर केला असेल, तर न खर्चलेले पैसे वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतात. पुढचं प्रपोजल देताना हे आधीच मागा. तसंच प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. प्रकल्पात थेट काम करणाऱ्या समुपदेशकाचा पगार त्यात मोडत नाही, तरी त्या नावाखाली तो कापला जातो. तिथे नियम दाखवून बोला.

आता उघड्या फायली. निधी संपण्याच्या दोन महिने आधी प्रत्येकीला समोरासमोर सांगा. गळा दाबला, हत्यार दाखवलं, गरोदरपणात मारलं, ‘जीव देते’ म्हणाली, अशा फायली आधी वेगळ्या काढा. त्या बायकांबरोबर एकदा स्वतः सखी केंद्रात (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. तिच्या संमतीने एक पानाची टिपणी द्या: काय घडलं, धोका कशाचा, कोणते कागद झाले, तिला काय हवंय. महिला हेल्पलाइनचा 181 नंबर चिठ्ठीवर लिहून देणं म्हणजे केस सोपवणं नव्हे. तुमच्याकडे पोलिसांबरोबर काम करणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असेल तर तिथे जरूर विचारा. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेलं हे काम पुढे राज्य सरकारने उचललं, त्यामुळे ते एखाद्या कंपनीच्या मार्चवर टांगलेलं नाही. लांब चालणाऱ्या नव्या केसेस फेब्रुवारीपासून थेट अशा सरकारी ठिकाणीच पाठवा. तातडीची मदत मात्र शेवटच्या दिवसापर्यंत द्या.

निधी गेला तर केंद्रच बंद पडेल ही तुमच्या केंद्राच्या संचालकांची भीती खरी आहे. तरी खोट्या आकड्याखाली सही करू नका. त्यांना दोन ओळींचा ईमेल टाका: ‘या फायलींत शेवटचा संपर्क अमुक तारखेचा आहे, सद्यस्थिती माहीत नाही, म्हणून संपर्क तुटला या रकान्यात घेतल्या आहेत.’ नाव नको, फक्त फाइल क्रमांक. ऐकलं नाही तर विश्वस्तांकडे जा. पुरावा म्हणून फायलींचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढू नका, त्यात त्या बायकांचा गोपनीयतेचा हक्क मोडतो. ईमेलची प्रत पुरेशी आहे.