वाचकांचे प्रश्न : निराधार लेकरू आणि मिशनची संस्था

प्रश्न : भुसावळ स्टेशनवर आठ-नऊ वर्षांचा मुलगा एकटाच सापडला, तर त्याला आमच्या तालुक्यातल्या ख्रिस्ती संस्थेच्या वसतिगृहात थेट नेऊन सोडलं तर चालेल का? तिथले फादर-सिस्टर मुलांना फार मायेनं सांभाळतात. (एक वाचक, यावल)

संस्था माया करते म्हणून ती नोंदणीकृत बालगृह ठरत नाही. आधी तेवढं विचारून घ्या. धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी वेगळी आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खालची नोंदणी वेगळी. ही दुसरी नोंदणी पाच वर्षांपुरती असते, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीखही बघा. ती असेल तर मूल तिथे सोपवणं कायद्याला धरूनच आहे. नसेल, तर मुलाला ठेवून घेणाऱ्या चालकांना एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हेतू चांगला असलेल्या कितीतरी संस्था इथेच अडकतात. मुलाचं नुकसान त्याहून मोठं असतं. ते कुठल्याच नोंदीत नसतं, त्यामुळे घरचे शोधत आले तरी ते सापडत नाही.

स्टेशनवर असाल तर रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीत जा किंवा १०९८ ला फोन करा. गावात असाल तर १०९८, पोलीस ठाणे, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणालाही कळवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत ही खबर जायलाच हवी, न देणं हा गुन्हा आहे. तेवढ्याच मुदतीत मुलाला समितीपुढे हजर करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढे नेलं तरी चालतं, त्यामुळे ‘आज समिती नाही, सोमवारी या’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

तोवर मुलाला पाणी द्या, खायला द्या, आणि कोणत्या गाडीनं आलं, कुठल्या फलाटावर, किती वाजता सापडलं हे कागदावर लिहून ठेवा. सातपुड्यातलं लेकरू असेल तर ते पावरी किंवा भिलोरी बोलेल आणि गाव विचारलं तर पाड्याचं नाव सांगेल. पाड्यांची नावं ठिकठिकाणी सारखी असतात, त्यावरून शोध लागत नाही. आठवडे बाजाराला कुठे जाता, शाळेतल्या गुरुजींचं नाव काय, एसटी कुठून सुटते, हे विचारा. बाजाराच्या गावावरून तालुका कळतो.

फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. घरात मार खाऊन पळालेल्या मुलाचा फोटो मारणाऱ्याच्याच हातात पडतो, हा धोका आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो.

प्रश्न : ऊसतोडीला गुजरातेत जाताना दोन मुलांना मिशनच्या वसतिगृहात ठेवायचं म्हणतोय. भाऊबंद म्हणतात, पोरांचा धर्म बदलतील. (एक वाचक, धडगाव)

निराधारांना आसरा देण्याचं ख्रिस्ती काम महाराष्ट्रात जुनं आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८(३) मध्ये आहे. प्रवेश अर्जावर सही करण्यापूर्वी तो कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का, मुलांना भेटायला कधी येता येईल, हे तोंडावर विचारा. सरळ काम करणारी संस्था सरळ उत्तर देते.

पण तुमची मुलं निराधार नाहीत. निव्वळ गरिबीपायी लेकरू घरापासून तोडू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. आजी-आजोबा गावात असतील तर मुख्याध्यापकांकडे हंगामी वसतिगृहाची (कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांच्या मुलांची गावातच केलेली सोय) मागणी करा, तीही टोळी निघण्याआधी, दिवाळीपूर्वीच. आश्रमशाळेसाठी तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करा. ज्या मुलाला एकच पालक आहे किंवा दोघंही नाहीत, त्याच्यासाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा.

प्रश्न : माझ्या चौथीच्या वर्गातली मुलगी हातावर चटक्यांचे डाग घेऊन येते. सावत्र बाप दारू पितो म्हणे. काय करू? (एक शिक्षिका, पारोळा)

बापाला शाळेत बोलावून समज देऊ नका. त्या रात्री घरी मुलीलाच ते भोगावं लागतं. तारीख, डाग कुठे आणि केवढे, आणि मुलगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की मूल घाबरून बोलणं बदलतं आणि पुढे त्याचाच फायदा आरोपीला मिळतो. त्याच दिवशी १०९८ ला कळवा.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही.

मुलगी लगेच संस्थेतच जाईल असं नाही. समिती १५ दिवसांत सामाजिक तपासणी करवते. आजी किंवा मामा सांभाळायला योग्य दिसले तर तिकडेही पाठवते.

प्रश्न : वाढदिवसाला अशा संस्थेत जेवण द्यायचं आहे. आणखी काय न्यावं? (एक वाचक, शिरपूर)

केक आणि जुने कपडे बहुतेक संस्थांकडे उतू जातात. किराणा कमी पडतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत एका मुलाला दिवसाला ६०० ग्रॅम धान्य, १२० ग्रॅम डाळ आणि १५० मिली दूध धरलेलं आहे. म्हणजे ५० मुलांना एका दिवसाला ३० किलो धान्य, ६ किलो डाळ आणि साडेसात लिटर दूध. ज्वारीचा किंवा तुरीच्या डाळीचा एक कट्टा दिलात तर तो खरा उपयोगी पडेल. अंतर्वस्त्रं आणि सॅनिटरी पॅड नवीच न्या, मापं अधीक्षकांना आधी विचारून घ्या. देणगीवर प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोख देऊ नका.

मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका, आणि ‘तुझे आई-बाबा कुठे असतात?’ हा प्रश्न तर अजिबात विचारू नका. जमलं तर १८ पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या मुलांची चौकशी करा. कायद्यात २१ वर्षांपर्यंत पश्चात देखभालीची सोय आहे, पण खोलीचं डिपॉझिट, आयटीआयची फी आणि पहिली नोकरी मिळेपर्यंतचा मेसचा खर्च यासाठी देणगीदार क्वचितच पुढे येतात.